'प्रेझेंटली वर्किंग' लिहिलं तर बिघडलं कुठे?

बायोडेटात 'आय अ‍ॅम प्रेझेंटली वर्किंग' लिहिणं ही आपली खास देशी चूक, असा एक दावा ग्रुपाग्रुपांवर फिरत असतो. म्हणे 'प्रेझेंटली'चा अर्थ फक्त 'थोड्या वेळात'. 'सध्या' हा अर्थ आपल्या सरकारी बाबूंनी जन्माला घातला. शिवाय त्याने वाचणारा गोंधळतो.

आधी ते 'फक्त' बघू. 'सध्या' हा अर्थ इंग्रजीत पंधराव्या शतकापासून आहे. 'थोड्या वेळात' हाच मागाहून आला. 'ताबडतोब' असाही अर्थ चालायचा. १६११च्या किंग जेम्स बायबलात, म्हणजे बायबलच्या गाजलेल्या इंग्रजी भाषांतरात, येशूच्या शापाने अंजिराचं झाड 'प्रेझेंटली' वाळतं, म्हणजे उभ्या उभ्या. शिष्य थक्क होतात ते म्हणूनच. शेक्सपिअरच्या 'टेंपेस्ट' नाटकात जादूगार प्रॉस्पेरोने काम सांगितल्यावर त्याचा सेवक एरियल विचारतो, 'प्रेझेंटली?' प्रॉस्पेरो म्हणतो, हो, पापणी लवायच्या आत. मग 'ताबडतोब'चं 'थोड्या वेळात' झालं कसं? बोलणारे वेळ पाळत नाहीत म्हणून. आपलं 'आलोच!' घ्या, म्हणणाऱ्याने अजून चपलाही घातलेल्या नसतात. 'सून' आणि 'अनॉन' यांचीही तीच गत झाली. दोन्ही मुळात 'लगेच'.

बाबूंवरचा आळ तर साफ खोटा. ब्रिटिश साहित्यिक भाषेत 'सध्या' मागे पडला, पण स्कॉटलंडात टिकला आणि अमेरिकेत आज सर्रास चालतो. मेरियम-वेबस्टर कोशात दोन्ही अर्थ आहेत.

गोंधळाच्या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे. बहुतेकदा क्रियापदच निकाल लावतं: 'शी इज प्रेझेंटली इन पुणे' म्हणजे सध्या, 'शी विल कम प्रेझेंटली' म्हणजे थोड्या वेळात. पण 'वी आर प्रेझेंटली लीव्हिंग' ऐकून मंडळी निघालीत की निघायची आहेत, पत्ता लागत नाही. जुन्या वळणाचे काही ब्रिटिश वाचक 'सध्या'वर अजून नाक मुरडतात, हेही खरं. तिकडे अर्ज करायचा तर 'करंटली' लिहून मोकळे व्हा.

बायोडेटातल्या त्या वाक्याची खरी खोट दावेकऱ्यांना दिसलेलीच नाही. 'अ‍ॅम वर्किंग'मध्ये 'सध्या' आलंच की! त्यामुळे 'प्रेझेंटली' खोडून 'करंटली' घातलंत तरी तेही तितकंच फालतू. आधीची नोकरी आणि आताची यांतला फरक ठसवायचा असेल तर ठेवा, नाहीतर दोन्हींना सुट्टी द्या.