गारपिटीचा दोष बायकांच्या माथी
स्पेनच्या ईशान्येकडच्या कातालोनिया प्रांतातल्या चेटकिणींविषयीच्या समजुती या लेखात छान उलगडल्या आहेत. फक्त 'इन्क्विझिशनने (कॅथलिक चर्चच्या धर्मन्यायालयाने) त्यांना जाळलं' हे त्यातलं विधान खटकलं. चेटकीण ठरवलेल्या तिथल्या बहुतेक बायकांना गावोगावच्या सरदारांच्या न्यायालयांनी फासावर चढवलं. इन्क्विझिशन अशा खटल्यांबाबत उलट बरंच साशंक होतं.

खरी भीती होती ती गारांची. चेटकीण डोंगरातल्या डोहाचं पाणी बडवते, त्यातून ढग उठतो आणि उभं पीक झोडपून काढतो, असा समज. म्हणून चर्चजवळ चारी बाजूंनी उघडी अशी छोटी बांधकामं असत, त्यांना 'कुमुनिदो' म्हणत. पाद्री तिथे उभा राहून वादळ परतवण्यासाठी प्रार्थना करी. दारावर कार्लिनाचं वाळकं काटेरी फूल लावत. हे वाचायला मला फार आवडतं. पण याच भीतीपायी मोन्सेन्य डोंगराच्या कुशीतल्या विलाद्राऊसारख्या लहानशा गावात १६१८ ते १६२२ या काळात १४ बायकांना फाशी दिलं गेलं, हे लेखात यायलाच हवं होतं.

आणखी एक राहिलं. जानेवारी २०२२ मध्ये कातालोनियाच्या संसदेने ठराव करून या बायकांना निर्दोष मानलं. चारशे वर्षांनी का होईना, मला तो दिवस फार मोठा वाटतो.