कूलर, आबा आणि सिमेंटची जाहिरात

खान्देशात मे महिन्यात टीव्ही बघायचा तर कूलरच्या आवाजातून बघावा लागतो. भुसावळ-जळगावकडे पारा ४५ ला टेकलेला असताना कूलर बंद करा म्हणणाऱ्याला घरात कोणी जेवायला वाढणार नाही. आणि कूलर चालू असला की मालिकेतल्या लोकांचे नुसते ओठ हलताना दिसतात.

मग आबा रिमोट उचलतात. आवाज वीस, तीस, अडतीस. नायिका दाराआड उभी राहून कुजबुजतेय, "मला सगळं कळलंय, हे बाळ..." अख्खं घर कान टवकारून पुढे सरकलेलं. आणि धाडकन सिमेंट! भिंती फोडून घरात शिरतं सिमेंट. पाळण्यातलं पोर दचकून उठतं, पोळी लाटणाऱ्या बायकोच्या हातचं लाटणं घरंगळतं आणि माय ओरडते, "हाऊ कसाले इतला बोंबलस रे भो? सिमेंट इकी ऱ्हायना का आग लागनी?"

आबा रिमोट शोधतात. तो नेहमी त्यांच्याच मांडीखाली असतो. तो सापडून आवाज बारावर येईपर्यंत जाहिराती संपतात आणि बाळ कोणाचं ते नायिका सांगून टाकते. बारावर. आमच्याकडे अजून कोणालाच माहीत नाही.

माझा समज होता की जाहिरात लागली की चॅनेलवाला कोणीतरी बटण पिरगाळतो. तसं नसतंच म्हणे. आवाज जास्तीत जास्त किती चढू शकतो, ही हद्द मालिकेला आणि जाहिरातीला एकच. आपली एसटी घ्या. टप एकाच उंचीवर. मालिकेच्या गाडीत लोक निवांत बसलेत, मध्येच एखादा उभा राहून टपाला डोकं लावतो. जाहिरातीच्या गाडीत यात्रेची गर्दी, सगळेच्या सगळे उभे. या प्रकाराला कंप्रेशन म्हणतात. मोठ्या आवाजाचं टोक दाबायचं, बारीक आवाज वर ओढायचा आणि मग सगळंच छताला नेऊन भिडवायचं. टोक मोजलं तर दोघं सारखेच, पण कान टोक कुठे मोजतो? एकूण मारा किती झाला ते त्याला कळतं. सिमेंटवाला कुजबुजत नाही, श्वासही घेत नाही, एवढाच त्याचा गुन्हा.

कानाला जाणवणारा आवाज मोजायची रीत आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ साली काढली. युरोपच्या प्रसारकांनी २०१० मध्ये त्यावरून सरासरी आवाजाची उणे २३, म्हणजे छतापासून २३ डेसिबल खाली, ही पातळी ठरवली. अमेरिकेने त्याच वर्षी थेट कायदा केला आणि डिसेंबर २०१२ पासून तिथे जाहिरातीचा सरासरी आवाज कार्यक्रमापेक्षा वर न्यायला बंदी आली. मागे आपणही नाही. आपल्या १९९४ च्या केबल टेलिव्हिजन नियमांत जाहिरातीचं चित्र आणि आवाज वाजवीपेक्षा भडक नसावा, असं लिहिलंय. वाजवी म्हणजे किती, याचा आकडा त्या वाक्यात नाही. लग्नपत्रिकेवरच्या मुहूर्तासारखंच ते, ज्याने त्याने समजून घ्यायचं.

शेवटी भाचा आला. जळगावात इंजिनीअरिंग शिकतो, त्यामुळे घरातल्या सगळ्या वायरींवर त्याचा हक्क. त्याने टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरून 'ऑटो व्हॉल्यूम' नावाचं काहीतरी चालू केलं. सिमेंट खरंच नरमलं. पण हा ऑटो व्हॉल्यूमही कंप्रेशनच करतो, हे त्याने सांगितलं नव्हतं. आता मालिकेतही सगळे उभे! नायिकेची कुजबुज, सासूचा त्रागा, देवघरातली घंटा, मागच्या खोलीतला पंखा, सगळं एकाच पट्टीत. काल एक म्हातारा मरताना शेवटचे शब्द बोलला, ते पलीकडच्या गल्लीत ऐकू गेले. शेजारच्या काकू सकाळी विचारायला आल्या, तुमच्याकडे रात्री कोण गेलं?

भाच्याला म्हटलं, बाबा रे, काढ ते. आबांनी रिमोट छातीशी धरला. "हात लावू नको. आत्ता कुठे ही माणसं तोंड उघडून बोलायला लागलीत."