कोरड्या जागी ठेवा म्हणे!

मे संपत आला की मालवणात बोटी किनाऱ्यावर ओढतात, स्कूबावाल्यांचं शटर ऑगस्टअखेरपर्यंत डाऊन, आणि माझा त्रास बरोब्बर तिथून सुरू होतो. भाड्याचं सामान वापरणारे लोक अंघोळ करून, सुरमई थाळी हाणून ठाण्याला परत येतात, विषय संपला. मी शहाणा, मी सगळं स्वतःचं घेतलंय. वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा रबरी सूट), बीसीडी (म्हणजे ते हवा भरायचं जॅकेट), रेग्युलेटर (सिलेंडरची हवा नळीने तोंडापर्यंत आणतो तो), मास्क, फिन्स (पायात घालायची ती बदकाची पावलं). फक्त सिलेंडर नाही, कारण बायको म्हणाली घरात गॅसचे दोन आहेत तेवढे पुरेत.

आता यातल्या कुठल्याही वस्तूचं माहितीपत्रक उघडा, शेवटी एकच आज्ञा: थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवा. अरे बाबांनो, तुम्ही जुलैमध्ये घोडबंदर रोडला राहून बघा ना एकदा! इथे बरणीत तांदूळ टाकूनही मीठ रडतं, पापड तळायच्या आधीच मान टाकतात, बेल्टला हिरवी बुरशी येते. कोरडी जागा असती तर मी आधी माझे टॉवेल नसते वाळवले? समुद्रात १८ मीटर खाली, जवळजवळ तिप्पट दाबाखाली जे रबर मुकाट राहतं त्याला आमच्या २ बीएचकेची हवा सोसत नाही.

पहिलं काम धुणं. खारं पाणी तसंच वाळलं की मिठाचे खडे होतात, झिपा अडकतात, बटणं रुतून बसतात, म्हणून सगळं गोड्या, कोमट पाण्यात बराच वेळ भिजवायचं. आमच्या सोसायटीत पाणी सकाळी ६.३० ते ८. मी लेकीचा लहानपणीचा टब बाथरूममध्ये मांडून भरला आणि आई दारात येऊन उभी राहिली. "अरे भातसाचं गोडं पाणी, लोक टँकर मागवतायत, आणि तू रबराला अभ्यंगस्नान घालतोयस?" काय बोलणार. ते पाणी तुळशीला पण चालत नाही, खारट. फ्लशला वापरलं, तेवढंच पुण्य.

बीसीडी आतून पण धुवावं लागतं, नळीतून पाणी भरायचं, दोन्ही हातांनी धरून ताक घुसळल्यासारखं हलवायचं, मग उलटं टांगून बटण दाबून काढायचं. पहिल्या वेळी तारकर्लीची वाळू आणि बांगड्याचा वास बाहेर आला, तिसऱ्या वेळी नुसता वास. मग आतल्या भिंती एकमेकींना चिकटू नयेत म्हणून तोंडाने अर्धं फुगवून ठेवायचं. ते आता माळ्यावर गणपतीच्या मखराशेजारी बसलंय, जेवण झालं तरी न उठणाऱ्या पाहुण्यासारखं.

रेग्युलेटर मात्र फार नाजूक प्रकरण. सिलेंडरला जोडायच्या वरच्या तोंडाला टोपी असते, ती रुमालाने कोरडी टिपून घट्ट लावायची आणि मगच पाण्यात सोडायचं. आणि पाण्यात असताना तोंडात धरायच्या भागावरचं पर्ज बटण (हवा जोरात सोडायचं) अजिबात दाबायचं नाही, कारण आत हवेचा दाब नसतो, बटण दाबलं की झडप उघडते आणि पाणी नळीतून थेट वर. हे सगळं मी ६ वर्षांच्या लेकीला फार गंभीरपणे समजावून सांगितलं. चूक माझीच, पोराला कोणतं बटण दाबायचं नाही हे दाखवतं का कुणी? "बाबा, हे?" म्हणाली आणि गुडगुड. त्या एका गुडगुडीचं सर्व्हिसिंगचं बिल आमच्या मालवणच्या दोन दिवसांच्या ट्रिपएवढं आलं.

मास्क वेगळ्या डब्यात, काळ्या रबराला टेकवला की पारदर्शक सिलिकॉन चहाच्या गाळणीसारखं पिवळं पडतं (पडलं). फिन्स टोकावर उभ्या ठेवल्या की वाकतात, म्हणून बेडच्या बॉक्समध्ये आडव्या. ओल शोषणाऱ्या निळ्या सिलिका जेलच्या पुड्या आणल्या, दमट हवेने आठवड्यात गुलाबी झाल्या, परत भाजून घेऊ म्हटलं तर बायकोने हातातला तवाच काढून घेतला.

राहिला वेटसूट. त्याच्या रबरात, म्हणजे निओप्रीनमध्ये, गॅसचे बारीक बुडबुडे असतात, घडी घालून महिनोन्महिने ठेवलं की घडीवरचे चेपतात आणि पाण्यात नेमकी तिथेच थंडी वाजते. म्हणून रुंद खांद्याच्या हँगरला लटकवायचा. उन्हात नाही, म्हणजे हॉल बाद. दमटात नाही, बाथरूम बाद. मोटरजवळ नाही, कारण तिथल्या ओझोनने रबर कडक होऊन चिरतं म्हणतात, म्हणजे वॉशिंग मशीनची बाल्कनी बाद. अख्ख्या घरात एकच जागा उरली, बायकोचं साड्यांचं कपाट.

ती शांतपणे म्हणाली, "माझ्या पैठणीला लटकवायचं नसतं, जरीच्या वजनाने कापड ताणतं. मलमलीत गुंडाळायची, दर तीन महिन्यांनी घडी बदलायची. तुला तुझ्या त्या रबराची पथ्यं आत्ता कळली, मी लग्न झाल्यापासून करतेय." तरी जागा दिली, आडव्या दांडीचं एक टोक. वेटसूट नीट वाळलेला नव्हता हे मी बोललो नाही.

गणपतीत पैठणी निघाली. आरतीला शेजारच्या काकू तिच्या बाजूला उभ्या, दोनदा नाक वर करून हुंगलं आणि भर "सुखकर्ता"मध्ये विचारलं, "गाडी घेतली का गं नवीन? टायरचा वास येतोय."

रात्री कपाटाचं दार उघडं आणि वेटसूट माझ्या उशीवर. "विसर्जन झालं की याला घेऊन मालवणला जा, आणि ह्याचा वास जाईपर्यंत तिकडेच राहा," असं म्हणाली. मी चेहरा पाडून मान डोलावली, पाठ फिरवली आणि मोबाईलवर मांडवी एक्सप्रेसचं ठाणे ते कुडाळ रिझर्वेशन उघडलं.