तरंगणे म्हणजे सुरक्षित असणे नव्हे: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

अतिखारट सरोवरात पोहण्याविषयीच्या माझ्या लेखावरील आपली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे की, अशा पाण्यात माणूस बुडूच शकत नाही. म्हणून ‘पालथे पोहू नका’, ‘डोके पाण्याखाली नेऊ नका’ या सूचना विनाकारण भीती पसरवतात आणि ज्याला उत्तम पोहता येते त्याला त्यांची गरजच नाही. आपण मुलांना घेऊन मृत समुद्राला (इस्रायल-जॉर्डन सीमेवरील अतिखारट सरोवराला) जाणार असल्याचेही लिहिले आहे, म्हणून हे उत्तर मुद्दाम सविस्तर देत आहे.

मृत समुद्राच्या पाण्यात सुमारे ३४ टक्के क्षार असतात, तर सामान्य समुद्रात साडेतीन टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे तेथील एक लिटर पाणी सुमारे १.२४ किलो भरते. आपल्या शरीराची घनता गोड्या पाण्याच्या जवळपास असल्याने तलावात आपण जवळजवळ पूर्ण बुडालेले असतो, आणि मृत समुद्रात मात्र शरीराचा साधारण पाचवा हिस्सा पाण्याबाहेर राहतो. येथपर्यंत आपले म्हणणे बरोबर आहे. परंतु नाक आणि तोंड त्या पाचव्या हिश्श्यातच असतील, याची हमी पाणी देत नाही.

उताणे पडले असता चेहरा आपोआप वर राहतो. पालथे झाल्यावर मात्र कंबर आणि पाय उचलले जातात, पाठीला उलटी कमान पडते आणि तोंड पाण्याबाहेर ठेवण्यासाठी मानेला सतत ताण द्यावा लागतो. पाय खाली नेऊन उभे राहायला जावे, तर पाणी ते पुन्हा वर ढकलते. गोड्या पाण्यात सहज जमणारी कूस बदलण्याची क्रिया येथे अवघड होते, आणि दमलेला किंवा घाबरलेला माणूस कमरेएवढ्या पाण्यातही पालथा अडकू शकतो. उत्तम पोहणाऱ्याचा धोका मला उलट जास्त वाटतो, कारण तो सवयीने पालथा होऊन हात मारू लागतो. पाय हवेतच झाडले जातात, वेग येत नाही आणि श्वासासाठी मान वळवताच तोंडात पाणी जाते.

म्हणून मांडीपर्यंत पाणी येईतो चालत जावे, मग खुर्चीवर बसावे तसे सावकाश मागे बसावे. पाय स्वतःच वर येतात. पुढे सरकायचे असल्यास उताणे राहून हातांनी हळूहळू वल्हवावे. उठताना गुडघे छातीशी घेऊन तळहातांनी पाणी खाली दाबावे आणि तळ लागल्यावरच उभे राहावे. चुकून पालथे झालात तर धडपड न करता गुडघे पोटाशी ओढावेत आणि हातांनी समोरचे पाणी पुढे व खाली लोटत मागे रेलावे. ही हालचाल किनाऱ्याजवळ आधी करून पाहावी, असा माझा आग्रह आहे.

पाणी गिळण्याबद्दल मी अतिशयोक्ती केली, असे आपल्याला वाटते. मृत समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचे क्षार विपुल आहेत. ते पाणी बऱ्याच प्रमाणात पोटात किंवा फुप्फुसांत गेल्यास रक्तातील या दोन्हींचे प्रमाण धोकादायक पातळीपर्यंत वाढते आणि हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात; अशा रुग्णांच्या वैद्यकीय नोंदी उपलब्ध आहेत. माणूस वरकरणी ठीक दिसला तरी त्याला रुग्णालयात न्यावे, हे मी त्यासाठीच लिहिले होते. अमेरिकेतील ग्रेट सॉल्ट लेकमध्ये मुख्यत्वे साधे मीठच असते आणि रेल्वेमार्गाच्या भरावामुळे त्याचा उत्तर भाग दक्षिण भागापेक्षा कितीतरी अधिक खारट झाला आहे. तेव्हा एका सरोवराचा अनुभव दुसऱ्याला जसाच्या तसा लागू करू नये.

दाढी किंवा केस काढणे एकदोन दिवस आधीच उरकावे, ओरखड्यांवर पेट्रोलियम जेली लावावी, कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवाव्यात आणि मिठाच्या धारदार खड्यांसाठी पायात पाण्यात चालणारी पादत्राणे असावीत. पंधरा-वीस मिनिटांत बाहेर येऊन गोड्या पाण्याने अंग धुवावे.

आपल्या मुलांबाबत एवढेच सांगतो की, ती पाणी उडवणार आणि ओल्या हातांनीच डोळे चोळणार, हे गृहीत धरावे. गोड्या पाण्याची भरलेली बाटली काठावर हाताशी ठेवावी. जीवरक्षक असलेला किनाराच निवडावा, वारा किनाऱ्याकडून आत वाहत असेल तर पाण्यात उतरू नये, कारण उंच तरंगणारे शरीर वाऱ्याबरोबर सहज दूर जाते. आणि प्रत्येक मुलापासून हातभर अंतरावर एक मोठा माणूस असावा, कारण पालथे झालेले लहान मूल बहुधा स्वतःहून सरळ होऊ शकणार नाही.