इतिहासाला जरा बाजूला सरकायला सांगा

विद्यापीठाचा वर्धापनदिन जवळ येतो, कुलगुरूंना ‘काहीतरी भव्य’ सुचतं आणि समितीच्या यादीत तुमचं नाव झळकतं. घाबरू नका. ऐतिहासिक महानाट्य बसवणं प्रबंध लिहिण्यापेक्षा सोपं. प्रबंधाला निदान बाहेरचा परीक्षक येतो. इथे सगळे घरचेच.

इतिहासाच्या जाणकार प्राध्यापकांना समितीत आवर्जून घ्या. नाही घेतलं तर ते पत्रं लिहितात. घेतलं की पहिल्याच बैठकीत त्यांच्याकडे वाहनतळाची जबाबदारी सोपवा आणि संहितेकडे वळा.

संहितेला आधी स्थापनेची तारीख लागते. सापडत नसेल तर ठरवा, त्यात लाजायचं कारण नाही. इटलीतलं बोलोन्या विद्यापीठ १०८८ साली स्थापन झालं असं सगळं जग मानतं. ते साल १८८८मध्ये आठशेव्या वाढदिवसाच्या निमित्ताने कवी कार्दुच्ची यांच्या समितीने मुक्रर केलं. मांडव आधी, जन्मवेळ नंतर. ऑक्सफर्डच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने तर संस्थापक म्हणून थेट आल्फ्रेड राजाच धरला. १७२७मध्ये न्यायालयानेही त्याला मान डोलावली आणि १८७२मध्ये हजाराव्या वर्षाची मेजवानी झडली. कॉलेजचा खरा पाया ज्या देणगीने घातला, ती १२४९ची, म्हणजे राजा वारल्यानंतर साडेतीनशे वर्षांनी आलेली. पण देणगीदाराला मुकुट नसतो, आणि मुकुटाशिवाय पहिला प्रवेश उठत नाही.

कुठे थांबायचं हे त्याहून महत्त्वाचं. या खेळाचे आद्यगुरू लुई नेपोलियन पार्कर यांनी १९०५मध्ये इंग्लंडातल्या शेरबर्नला गावकऱ्यांकडून गावचाच इतिहास करवून घेतला आणि तिथून साऱ्या देशाला पेजंटचा, म्हणजे अशा महानाट्यांचा, नाद लागला. त्यांनी ७०५ सालापासून सुरुवात केली आणि १५९३ला गाडी थांबवली. पुढे यादवी युद्ध लागतं, त्यावरून प्रेक्षकांत अजून भांडणं होऊ शकतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तुमच्यासाठी नियम आणखी सोपा: ज्या दशकातला एकही निवृत्त प्राध्यापक हयात आहे, त्या दशकात पाऊल टाकू नका. मेलेले राजे माहितीचा अधिकार वापरत नाहीत.

मधल्या काळातल्या मारामाऱ्यांचं काय करायचं, हा नाजूक प्रश्न. ऑक्सफर्डमध्ये १३५५च्या फेब्रुवारीत दोन विद्यार्थ्यांना गुत्त्यातली वाइन आवडली नाही. ती त्यांनी मालकाच्या तोंडावर फेकली. तीन दिवस दंगल चालली, ६३ विद्यार्थी आणि सुमारे तीस गावकरी मेले, आणि दंड म्हणून नगराच्या महापौराला दरवर्षी प्रार्थनेला हजर राहून ६३ पेन्स भरावे लागले, तेही १८२५पर्यंत! असा मसाला तुमच्या दप्तरात निघाला, तर घाईघाईने खूश होऊ नका. समितीत तो पुढीलप्रमाणे शिजतो. मृतांचे जखमी होतात. जखमींचे ‘मतभेद’ होतात. वाइनचं सरबत होतं. शेवटी नगराध्यक्ष पाहुणे म्हणून येणार असल्याचं कुणाला तरी आठवतं आणि प्रवेशाला ‘नगर आणि विद्यापीठ: एक अतूट नातं’ असं नाव पडून त्यात समूहनृत्य येतं.

पात्रयोजनेत काटकसर नको. १९१४मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या पेजंटमध्ये सात हजारांवर माणसं रंगभूमीवर होती. यामागचं गणित कळायला वाणिज्य शाखा लागत नाही: प्रत्येक भालदारामागे आई, वडील, आत्या आणि फोटो काढणारा भाऊ येतो. तेव्हा गर्दीच्या प्रवेशांवर भर द्या आणि उरलेल्या खुर्च्या श्रेयांकाच्या आमिषाने भरा. प्रत्येक विभागाला एकेक प्रवेश वाटून टाका. संगणकशास्त्र विभाग मध्ययुगात काय करणार, असं विचारणाऱ्याला निवेदक करा. राजा मात्र विभागप्रमुखांतूनच निवडा. अभिनयाची चिंता नको. सगळे संवाद आधीच ध्वनिमुद्रित असतात, राजाने फक्त हात हलवायचा. आमच्या राजेसाहेबांनी रंगीत तालमीत तो इतका मनापासून हलवला, की डाव्या गालावरची दाढी सुटून अंगठीला अडकली. ध्वनिफितीत त्या वेळी ते धीरगंभीर आवाजात ज्ञानाचा दिवा लावत होते. इकडे प्रत्यक्षात ते दोन बोटांनी दाढी धरून प्रधानाला खुणेने गोंद मागत होते, आणि प्रधान भौतिकशास्त्राचे असल्याने गोंद सुकायला किती वेळ लागेल ते खुणेनेच सांगत होते.

वेशभूषेबद्दल फार खोलात शिरू नका. सगळ्या शतकांत लोक लाल मखमल घालत असत, असं धरून चाला. चष्मे काढायला सांगू नका. आम्ही सांगितले होते, तर दूत खलिता घेऊन थेट ध्वनिव्यवस्थेच्या टेबलाकडे गेला.

शेवटी अभिप्रायाचा फॉर्म. महानाट्य ‘शैक्षणिक’ आहे हे तिथेच सिद्ध होतं. ‘या प्रयोगातून आपणास काय शिकायला मिळालं?’ खाली तीन पर्याय: पुष्कळ, खूप आणि शब्दांत सांगता येणार नाही. आमच्याकडे एका पहिल्या वर्षाच्या मुलीने पर्याय सोडून कोऱ्या जागेत लिहिलं, की तिला वाहनतळावर फार माहिती मिळाली.

चौकशी केली. जाणकार प्राध्यापक तिथे शिट्टी गळ्यात अडकवून उभे होते आणि संहितेतून कापलेले सगळे प्रसंग मृतांच्या आकड्यांसह सांगत होते. भोवती चालक होते, लवकर आलेले पालक होते, मध्यंतरात पाय मोकळे करायला निघून परत न गेलेले दोन विभाग होते आणि भाल्यावर हनुवटी टेकलेला एक भालदार होता. त्याचा प्रवेश केव्हाच होऊन गेला होता, त्याच्याशिवाय.

पुढच्या वर्षी त्यांना वाहनतळही देऊ नका.