शपथ घालू नका

पोरीच्या डोक्यावर हात ठेवून मी चार वेळा दारू सोडली आहे. पहिल्यांदा ती बालवाडीत होती, चौथ्यांदा आठवीत. चौथ्या वेळी तिनं डोकं मागं घेतलं.

दारू सोडवायचा आपला ठरलेला रस्ता म्हणजे शपथ. आई देवापुढं उभं करते, मामा अंगारा लावतो, कुणी माळ घाल म्हणतं. शिवाय भिंतीभिंतीवर 'नकळत दारू सोडवा' आहेच. तेही झालंय. माझ्या चहात पावडर पडायची. कसली, ते टाकणाऱ्या बायकोलाही ठाऊक नव्हतं. (वाचणाऱ्या वहिनींनो, हे करू नका. दारूशी अजिबात न जमणारी औषधं असतात, वर प्यायला तर माणूस जाऊ शकतो.)

तर, तिनं डोकं मागं घेतलं म्हणून ती चौथी शपथ मी खरी पाळली. अठरा वर्षं रोज पिणाऱ्यानं एका सकाळी एकदम बंद केली. रात्री हात थरथरायला लागले, चादर घामानं भिजली. दुसऱ्या दिवशी मोरीत फिट येऊन पडलो. घरात चर्चा, देवाचा कोप झाला. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, कोप वगैरे काही नाही. शरीराला रोजची लागलेली दारू अशी तोडली की फिट येऊ शकते, ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं घेऊन सोडायची असते. चाळिशी ओलांडेपर्यंत हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. शपथ घालणारे मात्र डझनभर होते.

डिस्चार्जच्या दिवशी बाई म्हणाल्या, "अंगातली आम्ही काढली. संध्याकाळी सात वाजता काय करायचं, ते ज्यांनी केलंय त्यांनाच विचारा." आणि केसपेपरच्या मागं दारू सोडलेल्यांच्या एका गटाचा नंबर लिहून दिला.

तो कागद पाच आठवडे पाकिटात होता. पाकीट उघडायचो ते दुकानात पैसे द्यायलाच, त्यामुळं रोज दिसायचा. एकदा फोन केला, पत्ता घेतला, गट ज्या शाळेत भरतो तिच्या फाटकापर्यंत गेलो आणि वर्गातला लाइट बघून माघारी फिरलो. वाटेत क्वार्टर घेतली. पुढच्या वेळी फाटकात उभा असलेला एक माणूस नुसता म्हणाला, "चहा झालाय, चला." त्यानं मला कसं ओळखलं, असं तेव्हा वाटलं होतं. आता मीही ओळखतो.

आत चौथीचा वर्ग. फळ्यावर पट ३८, हजर ३४. बाकांत गुडघे मावत नाहीत. रिक्षावाले, एक बँकवाले, एक निवृत्त मास्तर. फी नाही, नोंदणी नाही, शेवटी एक पिशवी फिरते, जमेल ते टाकायचं. मला वाटलं, आता प्रवचन. कुणी काही शिकवलंच नाही. मास्तरांनी आपलीच गोष्ट सांगितली, बाटली टाकीत कशी लपवायचे ती. टाकी! मी आयुष्यात कुणाला न सांगितलेली माझी टाकी. मी हसलो, आणि हसता हसता रडायला लागलो. कुणी वळून पाहिलं नाही, ते बरं केलं.

कुठला गट, कुठली शाळा हे लिहीत नाही. अशा गटांत नाव गुप्त ठेवायची रीत आहे, आणि ती रीत नसती तर आमच्यासारख्या गावात कोण आलं असतं? पण अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे ए.ए., या दारुड्यांनीच एकमेकांसाठी चालवलेल्या गटांची सुरुवात सांगण्यासारखी आहे. १९३५, अमेरिकेतलं ॲक्रन शहर. पाचेक महिने न पिलेला बिल नावाचा शेअरदलाल धंद्यात आपटून एकटा पडला होता, पिण्याच्या काठावर. त्याला सुचलं की आता दुसरा दारुडा भेटला तरच आपण वाचू. भेटला तो बॉब नावाचा सर्जन. पंधरा मिनिटं देतो म्हणून आला आणि रात्री उशिरापर्यंत बसला. म्हणजे बिल बॉबला वाचवायला गेला नव्हता, स्वतःला वाचवायला गेला होता. पुढं बॉब एकदा घसरला, परत आला, आणि त्याच्या शेवटच्या दारूचा दिवस, १० जून, हीच ए.ए.ची जन्मतारीख.

याला भजनी मंडळ म्हणणाऱ्यांसाठी: २०२० मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेनं २७ अभ्यास, दहा हजारांवर माणसं तपासली. ए.ए.शी जोडून देणारे उपचार दारूपासून लांब ठेवण्यात इतर मान्य उपचारांपेक्षा कमी पडले नाहीत, उलट बऱ्याचदा सरस ठरले. देवाचं म्हणाल तर तिथं 'तुम्हाला समजेल तसा' म्हणतात. माझा अजून समजायचाय. आणि ज्याला हे नाही रुचत त्यानं दुसरीकडं जावं. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे.

एकाहत्तराव्या दिवशी मी प्यालो. भाच्याचं लग्न होतं. शपथ मोडली की मी महिनाभर प्यायचो, कारण मोडलीच आहे तर आता काय! इथं शपथच नव्हती. फक्त आज, झोपेपर्यंत. दोन दिवसांनी तोंड लपवत वर्गात गेलो. मास्तर म्हणाले, "आलास ना? बस. कुठं सटकलं ते सांग." आता वर्ष आणि चार महिने झालेत.

मागच्या पौर्णिमेला आईनं नरसोबाच्या वाडीला नेलं. पादुकांपुढं मी हात जोडले. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "घेतलीस ना शपथ?"

"नाही."

घरी येईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही.