पन्नासाचे दोन

गणपतीच्या वर्गणीचा हिशोब यंदा कॉम्प्युटरवर घ्यायचा, असं तालमीत ठरलं आणि ‘त्यात काय, मी करतो की’ असं मी बोलून बसलो. आमचे अध्यक्ष आप्पा म्हणजे तरुणपणी कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कुस्त्या मारलेला गडी. त्यांच्यापुढं शब्द दिला की माघार नाही.

प्रोग्रॅम लिहायला मला येते ती फक्त सी भाषा, तीसुद्धा परीक्षेपुरती. पूर्णांकांचा 50 घरांचा अ‍ॅरे, म्हणजे मेमरीत ओळीनं लावलेली घरं, केला, एका घरात एकाची वर्गणी. रात्री कट्ट्यावर लॅपटॉप उघडला.

“आधी बघ, किती जणांची बसत्यात त्यात,” आप्पा म्हणाले.

मी अ‍ॅरेला ‘साइझऑफ’ लावलं. उत्तर आलं 200.

“दोनशे? नाद खुळा!” आप्पांनी उभ्याउभ्या डॉल्बीवाल्याला फोन लावला.

“आप्पा, थांबा. साइझऑफ घरं मोजत नाही, मेमरीतली जागा मोजतं. हे बाइट आहेत. एका आकड्याला 4 बाइट, त्यानं भागायचं.” भागाकार करून 50 आले. फोन ठेवला गेला, पण ज्या नजरेनं माझ्याकडं बघितलं, ती मला अजून आठवते.

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण कोड जरा देखणा दिसावा म्हणून तोच भागाकार मी वेगळ्या फंक्शनमध्ये, म्हणजे कोडच्या स्वतंत्र तुकड्यात, नेला आणि अ‍ॅरे त्याच्याकडं पाठवला. उत्तर आलं 2.

“दोनच? मी आन् तू?”

कट्ट्यावरची पोरं लोळायला लागली. तासभर डोकं खाजवल्यावर उलगडलं. फंक्शनकडं अ‍ॅरे जातच नाही, जातो तो त्याच्या पहिल्या घराचा पत्ता. माझ्या 64 बिटी मशिनवर पत्ता 8 बाइटचा. भागिले 4, झाले 2. बोळातल्या पहिल्या घराचा पत्ता हातात दिला, तर बोळात घरं किती हे पोस्टमनला कसं कळावं? संख्या आपणच सोबत लिहून द्यायची. (आणि 51वी वर्गणी कोंबली तर सी ‘जागा नाही’ असंही म्हणत नाही. जाते चपलांसकट शेजाऱ्याच्या घरात.)

हे सगळं मी आप्पांना रंगवून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हंजे 50 घरं हाईत. बरं. पण त्यातली भरली किती?”

ते साइझऑफला कळत नाही. रिकाम्या घरालाही ते घरच म्हणतं.

आप्पांनी माझ्या मांडीखालची वही ओढली, अंगठ्याला थुंकी लावली आणि पानं उलटली.

“सदतीस,” ते म्हणाले. “तुझी यायचीय अजून.”